कुजक्या लिंबांचं घड्याळ

आक्का बावीस वर्षं आमच्याबरोबर मंडई झाडते. हजेरीच्या खिडकीतलं घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं, म्हणून मुकादम आम्हाला रोज उशिराचा शेरा मारायचा. त्याला हे सांगायची आमची टाप नव्हती. आक्कानं तोंडावर सांगितलं.

"कचरेवालीनं मला वेळ शिकवायची नाही," मुकादम खेकसला.

आक्का घरी गेली आणि भाचीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी तिनं कचऱ्यातली चार कुजकी लिंबं उचलली, प्रत्येकात जस्त चढवलेला खिळा आणि तांब्याच्या तारेचा तुकडा खुपसला आणि सगळी तारेनं एकमेकांना जोडली. त्या तारा तिनं घरच्या, सेल संपलेल्या घड्याळाला लावल्या. आम्ही पोट धरून हसलो. तेवढ्यात सेकंदकाटा हलला.

रेडिओवरून वेळ लावून तिनं ते घड्याळ बरोबर मुकादमाच्या खिडकीसमोर टांगलं.

"काढ ते!" मुकादम ओरडला. "कोणाला विचारून लावलंस?"

"कोणाला विचारू? लिंबं कचऱ्यातली, खिळे माझे," आक्का झाडू न थांबवता म्हणाली. "आणि वेळ काय तुमच्या बापाची आहे?"