मोहाच्या झाडाला एक चक्कर

दवाखान्यात औषधं संपायची, किस्से मात्र कधी संपले नाहीत!

पन्नासच्या दशकात मी भामरागडच्या वाटेवरच्या एका गावात कंपाउंडर होतो. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. आमचे डॉक्टर पुण्याकडचे, तरुण आणि भलतेच शिस्तीचे. दवाखान्याच्या दारात मोहाचं मोठं झाड होतं. काय दिवस होते ते!

* * *

एकदा डोमाभाऊ आले. बांबू तोडून परतलेले, चेहरा उतरलेला.

"साहेब, माझ्या दोस्ताले जांघेत गाठ आली जी. वाईट रोग त नसंन?"

"पाहिल्याशिवाय कसं सांगू? मित्राला पाठवा."

डोमाभाऊ बाहेर गेले, मोहाला चक्कर मारून परत आले. "मीच तो दोस्त!"

डॉक्टर हसले नाहीत. नव्या माणसाला म्हणावं तसं म्हणाले, "या, बसा."

पडद्याआड पाहिलं तर रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड! डॉक्टरांनी चिमट्यानं काढून दाखवली. डोमाभाऊंनी आधी तिला शिव्या घातल्या, मग रडले.

तेव्हापासून रिवाजच पडला. नको तिथलं दुखणं असलं की आधी दोस्ताचं सांगायचं, मग झाडाला चक्कर.

* * *

रहीमचाचा शिंपी दोन चकरा मारून आले.

"दोन कशाला, चाचा?"

"फोड भी दो है ना, साहेब!"

* * *

बायकांचं नर्सबाई पाहत. झिलाबाईला तपासताना तिच्या तिघी जावा लुगड्याचा आडोसा धरून उभ्या.

"केस आत वळून फोड आलाय. शेक घे," नर्सबाई म्हणाल्या.

लुगडं हळूच खाली आलं. थोरली जाऊ म्हणाली, "बाई, मले पण पाहा ना. सालभरापासून आहे. सांगू कोणाले?"

त्या दिवशी चौघीही तपासून घेऊन गेल्या. जाताना थोरली चक्क गाणं म्हणत होती.

* * *

आणि मग खुद्द डॉक्टर! महिनाभर सायकलवर तिरके बसत होते. जेवण जात नव्हतं. त्यांचे वडील अवघड जागच्या गाठीनं गेले, हे मला ठाऊक होतं. म्हणून मीही घाबरलो होतो.

चांद्याहून मोठे डॉक्टर दवाखान्याच्या तपासणीला आले. ओसरीवर पेशंटची गर्दी. आमचे डॉक्टर आत हळूच म्हणाले, "सर, माझ्या एका मित्राला, अवघड जागी..."

"मग घेऊन या त्याला!"

डॉक्टर जागचे हलेनात.

ओसरीवर दाराला खेटून बसलेल्या झिलाबाईनं ते ऐकलं आणि ओरडली, "डॉक्टरभाऊ, काऊन थांबले? चक्कर मारा ना!"

डॉक्टर लालबुंद झाले. उठले, गर्दीतून वाट काढत मोहाला चक्कर मारून आत आले. मोठे डॉक्टर नुसते बघत राहिले. मग पडदा ओढला गेला.

ओसरीवरचे सगळे पडद्याकडे कान लावून बसले.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "अहो, साधी चरबीची गाठ आहे! महिनाभर काय लपवत होता?"

डॉक्टर डोळे पुसत बाहेर आले. सगळे उठून उभे राहिले. डोमाभाऊंनी पुढे होऊन विचारलं,

"दोस्त बरा आहे ना जी?"