दोन्ही पाय एका बाजूला

सकाळी सोसायटीच्या फाटकातून स्कूटर आत आली. चालवत होती शेजारची सुनंदा. मागे तिचा नवरा दिलीप बसला होता, दोन्ही पाय एका बाजूला टाकून, तिच्या खांद्याला धरून. कट्ट्यावरचे पुरुष फिदीफिदी हसले.

"हसा," दिलीप जपून उतरत म्हणाला. "नसबंदी करून आलोय. दोन्ही बाळंतपणं हिनं सोसली, आता ऑपरेशनही हिनंच करायचं का?"

या फाटकातून असंच बसून, ऑपरेशन करून किती बायका परतल्या असतील! त्यांच्याकडे कुणी मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी दिलीपच्या दारात कट्ट्यावरचा एक जण उभा दिसला. सकाळी सगळ्यात मोठ्यानं हसलेला. हळू आवाजात विचारत होता, "फार दुखतं का रे?"