समुद्राचा दुसरा काठ

त्या साली दिवाळीनंतर वडशाच्या बाजारात नीळ मिळेनाशी झाली. धोब्यानं हात वर केले, शाळामास्तरांचं धोतर पिवळं पडलं, आणि गावातले शहाणे लोक सांगू लागले की सरकारनं काहीतरी बंदी आणली असणार. बंदी कसली नि काय. सगळी नीळ मुखरू पेंटर घेऊन गेला होता. त्याला समुद्र करायचा होता.

मुखरू वडशाचाच. उंचीनं बेताचा, बोलण्यात त्याहून बेताचा. पण हातात कुंचला आला की माणूस बदलून जायचा. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवावीत तर त्यानं, दुकानावरची पाटी लिहावी तर त्यानं. जीव मात्र अडकलेला नाटकाच्या पडद्यांत. वैनगंगेकाठच्या या झाडीपट्टीत मंडई आणि नाटक यांची फारकत कधी झालीच नाही. धान हाती येऊ लागलं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकी-जावई, व्याही, मामे-मावसे गाड्या जुंपून नि नदी ओलांडून येतात, आणि ज्याच्या अंगणात मंडईला परगावची गाडी येऊन थांबली नाही त्याला लोक विचारतात, बाबा, तुझं कोणाशी बिनसलं? पाहुणा आला की त्याला नाटक दाखवणं आलं. त्या नाटकातला राजवाडा मुखरूचा, रस्ता मुखरूचा, जंगलही मुखरूचं. जंगलाच्या पडद्यावर त्यानं मोहाची फुलं अशी काढली होती की पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांना वास आला, असं लोक सांगत. लोक काय, काहीही सांगतात. पण मुखरू ते ऐकून कित्येक दिवस जमिनीला पाय लावत नव्हता.

नाटक मंडळ चालवायचे गुणवंतराव. धानाची गिरणी त्यांचा धंदा, आणि नाटक हे त्यांचं वेड. राजे-राण्या पाहून झाडीतला माणूस आता कंटाळला, त्याला बंदराचं शहर दाखवायचं, असं त्यांनी त्या साली ठरवलं. नायक होडीवाला, नायिका बंदरावरच्या शेटची मुलगी, तिसऱ्या अंकात वादळ. सगळं जमलं; फक्त समुद्र हवा होता. आणि मुखरूनं वैनगंगेहून मोठं पाणी जन्मात पाहिलेलं नव्हतं. गुणवंतरावांनी त्याला बोलावून सरळ सांगितलं की पडदा जमला तर पुढची सगळी कामं तुझी, आणि हसं झालं तर पुढच्या सालापासून पडदे नागपूरहून येतील. तिकडच्या एका पडदेवाल्यानं खेटे घालायला सुरुवातही केली होती.

मुखरू घरी येऊन हिशेब करत बसला. पडदे गेले तर उरणार काय, बैलांची शिंगं. आणि पोळा वर्षातून एकदाच येतो.

समुद्र पाहिलेलं माणूस गावात एकच होतं, ते म्हणजे नानाजी. रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंटमन होते. नोकरीची बरीचशी वर्षं त्यांनी पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहानशा शहरात काढली. बायको शकुबाई मात्र वडशालाच राहिली, कारण सासू अंथरुणाला खिळलेली आणि शेतातल्या धानाच्या बांध्यांकडे बघायला दुसरं कोणी नाही. नोकरी संपवून परत आल्यापासून नानाजींनी त्या शहराच्या गोष्टींनी गावाला वीट आणला होता. कोणी म्हणावं, यंदा वांगी बरी आली. नानाजींनी तिथून थेट बंदरावर जावं. लोक चिलीम ओढता ओढता हसत. शकुबाई मात्र हसत नसे. समुद्राची गोष्ट निघाली की ती आत जाऊन भांडी आपटायची. तिचा हिशेब साधा होता. येवढी मौज होती तिथं, म्हणूनच तर हा माणूस सालातून एकदा पाहुण्यासारखा यायचा.

मुखरू मात्र कान देऊन ऐकणारा निघाला. रोज सकाळी तो नानाजींच्या ओट्यावर जाऊन बसू लागला आणि नानाजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी त्याला सारं शहर हिंडवून आणलं. किनाऱ्यावरच्या टेकडीवर दीपगृह आहे, म्हणजे गिरणीच्या धुराड्यासारखं उंच आणि वर दिवा. धक्क्यावर बोटी लागतात, त्यांचा भोंगा ऐकून भिंतीवरची पाल पडते. कोळी लोक ओंडके एकाला एक बांधून त्यावर बसून समुद्रात जातात, आणि परत आले की अख्खी आळी जाळं ओढायला धावते. कोळणी टोपल्या घेऊन बसतात, त्यांच्यापुढं भाव करायची कलेक्टरचीही छाती होत नाही. आणि दिवस कलला की न्हाव्यापासून वकिलापर्यंत सारं शहर हवा खायला वाळूत येतं. पोरं पाण्यात, बाया उकडलेल्या शेंगांभोवती, म्हातारे वाऱ्याकडे तोंड करून. मुखरूनं विचारलं, लाटा कशा असतात? नानाजी जरा थांबले आणि म्हणाले, पिकल्या धानावरून वारा जाते का नाई, तशा. हे मुखरूला लगेच कळलं.

कळलं नाही ते एकच.

"पल्याड काय हाये, भाऊ?"

"पल्याड काई नाई. पानीच."

"मंग पानी थांबते कशानं?"

नानाजींनी विषय बदलून पुन्हा दीपगृह सुरू केलं.

गिरणीच्या गोदामात मुखरूनं पडदा पसरला. मादरपाटाच्या जाड कापडाचे पट्टे शिंप्याकडून जोडून आणले, त्यावर खडूची भुकटी आणि सरस चढवला, आणि बाजारातली नीळ संपवून समुद्र घातला. दीपगृह उभं राहिलं, धक्का झाला, जाळी वाळत पडली. कोळणी काढल्या त्या वडशाच्या मच्छीबाजारातल्या बायांसारख्याच दिसू लागल्या, पण टोपलीपुढं बसण्याची ऐट सगळीकडे सारखीच असावी. गुणवंतराव पाहून गेले आणि खूश झाले.

खूश नव्हता तो मुखरू. येता-जाता त्याची नजर त्या निळ्या पाण्यावर जाई आणि वर जाऊन अडखळे. जन्मभर त्यानं जे पाणी पाहिलं त्याला पल्याड होतं. पल्याड घाट, घाटावर कोणीतरी पार नेणाऱ्या डोंग्याची वाट पाहत उभं. मंडईला अर्धे पाहुणे त्याच पल्याडहून येतात. ज्या पाण्यापलीकडे कोणीच नाही असं पाणी रंगवणं त्याला अभद्र वाटू लागलं, आणि खरं सांगायचं तर लबाडीचंही. लोक म्हणतील, पेंटरनं वरचं काम टाळलं. मंडईच्या सकाळी त्याच्यानं राहवलं नाही. त्यानं पिवळ्या पिवडीत उरलीसुरली नीळ कालवून हिरवी रेघ ओढली, रेघेवर मोहाची झाडं लावली, उतरता घाट काढला, आणि घाटावर डोळ्यांवर हाताची सावली धरून उभी असलेली एक बाई. नीळ तिथं संपली, म्हणून बाईला गेरूचं लाल लुगडं दिलं. मग कुठं त्याला भूक लागली.

दुपारी पडदा मैदानातल्या रंगमंचावर टांगला तेव्हा सारी मंडई तिथं लोटली. झुल्याजवळची गर्दी ओसरली, भजीवाला कढई सोडून आला. लोक दीपगृहाकडे बोट दाखवत होते, बोटी मोजत होते, कोळणींना बाजारातल्या बायांची नावं देत होते. बंदराचं शहर वडशाला आलं होतं आणि वडसा ते फिरून पाहत होता. नदीपलीकडच्या पाहुण्यांना तर पल्याडचा घाट आपल्याच कुठल्या तरी गावचा वाटला.

तेवढ्यात गुणवंतराव आले. त्यांनी पाहिलं आणि त्यांच्या कपाळाची शीर तटतटली. समुद्राला काठ? ही तर वैनगंगा झाली. मंडईला म्हणून आलेला नागपूरचा पडदेवाला गर्दीत उभा होता, तो गालातल्या गालात हसला. ते हसू गुणवंतरावांना जास्त झोंबलं. त्यांनी मुखरूला विचारलं की तुला कोणी सांगितलं होतं हे. मग ते म्हणाले, नानाजींना बोलवा. त्यांनी पाहिलाय समुद्र, ते म्हणतील तसं. चुकलं म्हणाले तर पडदा उतरवायचा, मुखरूचा हिशेब इथंच संपला.

नानाजी आले. मागं हातभर अंतर ठेवून शकुबाई. गर्दीनं वाट दिली. नानाजींनी आधी दीपगृह पाहिलं, मान हलवली. धक्का पाहिला, जाळी पाहिली, कोळणी पाहून हसले. मग नजर पाणी ओलांडून वर गेली आणि तिथं थांबली.

"समुद्राले पल्याड नसते, गुणवंतभाऊ," शेवटी ते म्हणाले. "हे चुकलं."

गुणवंतराव दोर सोडायला सांगणार, तोच नानाजी पुढं बोलले, आणि आता ते गुणवंतरावांशी बोलत नव्हते.

"पन ड्यूटी सुटली का मी रोज त्या वाळूत जाऊन बसो. सारं शहर मजा करे. मी पानी पाहत राहो. मले पल्याड हेच दिसे. हाच घाट. आन् घाटावर हे."

त्यांनी बोटानं बाई दाखवली आणि मागं वळून पाहिलं नाही.

शकुबाई पुढं आली. तिचा आवाज नेहमीसारखाच चढा होता.

"हे काऊन नाई सांगतलं कधी? सारा जलम दीपगृहच सांगत राह्यले."

"ते सांगाले सोपं होतं," नानाजी म्हणाले.

भूगोल शिकवणाऱ्या मास्तरांनी आपल्या पिवळ्या धोतरासकट पुढं येऊन कुजबुजत खुलासा केला की त्या किनाऱ्यावर बसलं तर वडसा पाठीमागं येतं, समोर नव्हे. असेल. मास्तरांचं कोणी ऐकलं नाही. गुणवंतरावांनी घसा साफ केला आणि दोर धरलेल्या माणसावर उगाचच ओरडले की गाठ ढिली आहे, घट्ट बांध, पडदा इथंच राहणार आहे. मग मुखरूच्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या सालच्या दोन पडद्यांची गोष्ट काढली. नागपूरचा पाहुणा भजी खायला निघून गेला.

गर्दी पांगली. मुखरू खाली बसून कुंचले गोळा करत होता, हसू काही आवरत नव्हतं. पाहतो तर शकुबाई अजून पडद्यासमोर उभी. मान कधी इकडे, कधी तिकडे.

"मुखरूभाऊ," ती म्हणाली, "त्या बाईचं लुगडं लाल काऊन? मी त्या सालात हिरवंच नेसो."

मुखरूनं डोकं खाजवलं. पिवडी होती, पण वडशात नीळ चिमूटभर उरलेली नव्हती. मग तो उठला. ओला कुंचला त्यानं समुद्राच्या एका कोपऱ्यात फिरवला, तिथली नीळ उचलली, पिवडीत कालवली, आणि शिडीवर चढून पल्याडच्या बाईला हिरवं लुगडं नेसवलं. समुद्र तेवढा कमी झाला. नाटकाला आलेल्यांपैकी कोणाच्याही ते लक्षात आलं नाही.