लेन्सला हळदीकुंकू

बहिणीचा साखरपुडा दुसऱ्या दिवसावर आला होता आणि माझ्या कॅमेऱ्याची लेन्स पडून फुटली होती. 'घरात फोटोवाला असताना बाहेरचा कशाला?' असं मीच छाती ठोकून सांगितल्यामुळे वडिलांनी दुसरा कुणी ठरवला नव्हता. मोबाईलवर शोधून शोधून नगरला एकाकडे जुनी लेन्स सापडली. कॅमेऱ्यासोबत येते तीच साधी, अठरा-पंचावन्नची. सकाळच्या एसटीनं निघालो, पण जीव थाऱ्यावर नव्हता. राहुरीला गाडी जरा जास्त थांबली तर कंडक्टरवरच खेकसलो.

विकणारा स्टँडबाहेरच्या रसवंतीत बसला होता. मी लेन्स उजेडाकडे धरून बघितली, टॉर्च मारून बघितली, झूमची रिंग फिरव फिरव फिरवली. शेवटी तो वैतागला.

"बुरशी न्हाई, चरा न्हाई. पोरगी बघायला आल्यागत काय बघताय?"

मी पैसे मोजले आणि घेतली.

घरी आल्यावर लेन्स ओट्यावर ठेवून हातपाय धुवायला गेलो. तेवढ्यात आईनं उरकलं. बाहेर येतो तर लेन्सला हळदीकुंकू आणि वर ओल्या अक्षता. आमच्याकडे फवारणीचा पंप असो की मिक्सर, पूजेशिवाय वापरायचा नाही. हे ठाऊक असूनही मी ती तिच्या हाताशी ठेवली होती.

"आई, जुनी हाय ती. नवी न्हाई."

"आपल्या घरात तर नवीच हाय ना?"

पुसलं, ब्रशनं झाडलं, फुंकर मारली. पण फटीत गेलेलं कुंकू निघेना. रिंग करकरली आणि अठरावरच अडकून बसली, म्हणजे झूम बंद. मला फक्त रडू यायचं बाकी होतं.

एरवी मी कार्यात लांब उभा राहून, झूम करून फोटो काढतो. साखरपुड्याच्या दिवशी मात्र चेहरा हवा तर पाटापाशीच जावं लागत होतं. पाहुण्यांच्या पायांवर पाय देत मी मांडवभर नाचत होतो आणि वडील डोळे वटारत होते. अंगठीच्या वेळी बहिणीपुढे हातभर अंतरावर जाऊन बसलो. फोटो घेऊन उठणार, तोच ती मान खाली घालूनच पुटपुटली.

"दादा, जाऊ नको. हितंच बस."

मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि बसलो. सासरच्या मंडळींचे फोटो राहिले ते राहिलेच.