ताईंचा समुद्र लोणी काळभोरला

हॉस्पिटलात शेवटचं भेटलो तेव्हा सुजाताताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेने, तब्येतीचा विषयच काढू दिला नाही. "लोणी काळभोरच्या मुलांना समुद्र दाखवते म्हटलंय मी. आता तू दाखव." म्हटलं, "अहो ताई, मी मराठीची मास्तरीण!" "बरंच झालं. पाणी हळू ओतशील. आम्ही शास्त्रज्ञ मेले धसमुसळे…" त्याच आठवड्यात त्या गेल्या. रडायलाही धड फुरसत नाही, असा उद्योग मागे ठेवून!

वारा समुद्राला कसा ढकलतो हे शोधण्यात ताईंचा जन्म गेला, आणि तोही पुण्यात, घाटाच्या अलीकडे! नारायण पेठेतल्या घरात मोटरवर फिरणारं टेबल, त्यावर काचेची पेटी, पेटीच्या काठाला बॅटरीचा पंखा. खाली लाल रंगवलेलं खारं पाणी, वर तरंगत्या स्पंजवरून पळीपळीने सोडलेलं गोडं. खारं जड, म्हणून थर वेगळे राहतात. एकदा त्यांनी बरणीत या थरांची तालीम करून ठेवली होती. आमच्या ह्यांना, त्यांच्या धाकट्या भावाला, वाटलं कोकम सरबत खाली बसलंय. छान ढवळलं आणि घोटही घेतला! "अरे गाढवा, अरबी समुद्र प्यायलास!" ताई पोट धरून हसल्या आणि पुन्हा पाणी कालवायला बसल्या.

ते सगळं लोणी काळभोरच्या शाळेत नेऊन मांडलं, पण फसलं तर? मुलं मला हसली असती तर चाललं असतं हो, पण ताईंचा शब्द खोटा पडला असता. टेबल सुरू केलं. पाणी त्याच्या चालीने फिरू लागेपर्यंत थांबले, मग पंखा लावला. वारा सरळ पुढे, पण वरचं पाणी सरकलं उजवीकडे, आणि डाव्या भिंतीशी लाल पाणी वर चढलं… फिरत्या पृथ्वीवर आपल्या पश्चिम किनाऱ्याशीही खालचं गार पाणी असंच वर येतं, माशांचं खाणं घेऊन. एवढं मी पाठ केलं होतं.

एक मुलगी उठली. "बाई, टेबल उलटं फिरवलं तर वो?"

मला कुठलं ठाऊक! ताईंना काही विचारलं की उत्तर तोंडी कधी मिळायचं नाही, त्या पदर खोचून सामान मांडायच्या. मीही पदर खोचला. पेटी रिकामी केली, पळी तिच्याच हातात दिली. पुढचे तास बुडाले, पण कुणी जागचं हललं नाही. ह्या खेपेला लाल पाणी उजव्या भिंतीशी चढलं, पोरं ओरडली, आणि इतके दिवस अडलेलं माझं रडू फुटलं.

"अवो बाई, आलं की वर! रडताय कशाला?"

ताई गेल्यापासून पहिल्यांदाच त्या गेल्यासारख्या वाटत नव्हत्या.