तिसरा शेवट

दिवाळीच्या सुट्टीत, शिरूरला लेकीच्या घरी, मी टीव्हीतल्या एका माणसाशी भांडले. आठ भागांची मालिका. शेवटच्या भागात तो गुप्तहेर नदीच्या पुलावरून धावणाऱ्या मालगाडीच्या टपावर उभा होता, आणि गाडीचा स्फोट होणार एवढ्यात वरून आलेल्या हेलिकॉप्टरला लोंबकळून निघून गेला.

“हेलिकॉप्टर कुठून आणलं मेल्यांनी?” मी ओरडले.

“आजी, तो तुझं ऐकत नाहीये,” नात म्हणाली. ती पुण्याला कॉलेजात असते, सुट्टीला घरी आली होती.

“मला ही गोष्ट माहीत आहे. पुस्तकात शेवट असा नाही.”

हे पुस्तक मी पन्नास वर्षांपूर्वी दौंडला रेल्वेच्या चाळीत ऐकलं होतं. वाचलं नव्हतं, ऐकलं होतं. आमचे हे वाचायचे आणि मी ऐकायची. ह्यांची इंजिनाच्या शेडमध्ये फिटरची नोकरी. पहिली पाळी असली की दुपारी साडेतीनला घरी. हाताचं ग्रीस रॉकेल लावून काढायचं, चहा प्यायचा, की मी पुस्तक पुढ्यात ठेवायची. मी खिडकीकडे तोंड करून चाळीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावत बसायची आणि माझ्या पाठीमागे, भिंतीला टेकून, हे वाचायचे. पहाटे उठून कामाला गेलेला माणूस, त्याला जरा आडवं व्हावंसं वाटत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. डोकं रिकामं नव्हतं हो, मिजाशीनं भरलेलं होतं. मी मॅट्रिक आणि हे सातवी. आख्ख्या चाळीत मॅट्रिक झालेली बाई मी एकटी, आणि ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्यांना मी पाण्याच्या नळावर सांगून यायची.

तर मालिकेबद्दल सांगते. पुस्तकात तो गुप्तहेर भित्रा होता. टपावर चढताना त्याचे गुडघे लटपटायचे, आणि ते चांगली तीन पानं लटपटायचे. ती पानं वाचताना ह्यांचा आवाज बारीक व्हायचा आणि माझी सुई थांबायची. मालिकेत तो अर्ध्या मिनिटात टपावर. केसाला धक्का नाही, मागे ढोल. पुस्तकात त्या मुख्य बदमाशाचं तोंड कुठंच दिसत नाही, नुसती त्याची चप्पल वाजते. मालिकेत तो पहिल्याच भागात हजर, आणि नट इतका ओळखीचा की मला त्याची सिमेंटची जाहिरात आठवत राहिली. त्याला कोण भिणार?

तरुणपणी एकदा मीच ह्यांना विचारलं होतं, “हा कसला नायक? सारखा घाबरतो.”

“आगं, त्यो घाबरला न्हाई तर आपुन कशाला घाबरायचं?” हे म्हणाले.

एवढं शहाणं बोलणं मी ऐकलं आणि म्हणाले, पुढचं वाचा.

माझ्या डोक्यातला शेवट असा होता. स्फोटकांचे चार-पाच डबे इंजिनाला लागून. तो गुप्तहेर इंजिनावरून टपाटपानं मागं येतो, खाली उतरून स्फोटकांच्या मागचं, डबे जोडणारं कपलिंग सोडतो, ब्रेकच्या व्हॅक्यूमचा पाइप सुटला की मागचे डबे आपोआप थांबतात. पुढचे डबे पूल ओलांडून माळावर फुटतात. हा शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये पोचतो. तिथला गार्ड त्याला काही विचारत नाही, फडकं सोडून भाकरी आणि बटाट्याची भाजी पुढं करतो. मग हा घरी जातो. बायको दार उघडते. एवढं सगळं करून आलेला माणूस काय म्हणतो? म्हणतो, चहा टाक.

नात म्हणाली, “गुप्तहेर आणि बटाट्याची भाजी? काहीतरीच. मालिका पुस्तकावरूनच काढलीय, शेवट तोच असणार.” पैज लागली. हरणारीनं आठवडाभर भांडी घासायची. मालिका गाजल्यामुळं पुस्तक नव्यानं निघालं होतं, मुखपृष्ठावर तोच केस न विस्कटणारा नायक. मागवलं, चार दिवसांत घरी आलं. मी चष्मा पुसून थेट शेवटचं प्रकरण काढलं.

त्यात तो गुप्तहेर गाडीसकट नदीत जातो. मरतो. शेवटच्या ओळीत नुसतं पाणी आहे.

हेलिकॉप्टर नाही, गार्ड नाही, भाजी नाही. चहा नाही. पैज दोघी हरलो होतो, तेव्हा भांडी दोघींनी मिळून घासली. नात हसत होती. मीही हसले, पण ताट विसळताना हात मधेच थांबत होता. मला वाटलं, वयानं डोकं गेलं. दोन पुस्तकांची सरमिसळ झाली असेल. ह्यांना विचारावं म्हटलं तर ह्यांना जाऊन दोन वर्षं झालेली.

नोव्हेंबरात मला दौंडला जावं लागतं. पेन्शनच्या बँकेत अंगठा टेकवून मी अजून जिवंत आहे असं सांगायचं असतं. चौफुल्याला गाडी बदलून गेले, जिवंत असल्याचं सांगून झालं, आणि पाय आपोआप स्टेशनाच्या बाजूला वळले. हे ज्या वाचनालयातून पुस्तकं आणायचे, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. गल्ल्यावर वाचनालयवाल्या आप्पांचा मुलगा. मुलगा म्हणजे साठीचा. मी ओळख सांगितली.

“मावशी, काकांना कोण विसरंल?” त्यानं स्टूल पुढं केलं. “आमचे आप्पा कायम सांगायचे, हे एकच गिऱ्हाईक असं, शेवट नसलेलं पुस्तक मागून न्यायचं.”

“शेवट नसलेलं म्हणजे?”

“आता पुस्तकं हातोहात फिरून खिळखिळी व्हायची. आम्ही ती पुठ्ठ्यात बांधून घ्यायचो. बांधणीत शेवटची पानं जायची, न्हाईतर कुणी फाडायचं. लोक येऊन भांडायचे. म्हणून आप्पा पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहायचे, ‘शेवट नाही’. ती पुस्तकं कुणी हातात धरायचं न्हाई. काका आले की विचारायचे, पेन्सिलवालं काही हाय का?”

“आणि त्या गुप्तहेराचं? पुलावरच्या गाडीचं?” मी पुस्तकाचं नाव सांगितलं.

“ते तर कायमचं पेन्सिलवालं. काकांनीच नेलं, दुसऱ्या कुणी न्हाई.”

तो चहा मागवत होता. मी नको म्हणाले.

पहिलं पान मी कधी उघडलंच नव्हतं. माझा सगळा कारभार कानाचा. ह्यांच्याकडे माझी पाठ. पुस्तक संपलं की दुसऱ्या दिवशी कामावर जाताना हे परत करून टाकायचे. पानं संपल्यावर हा माणूस कोऱ्या पुठ्ठ्याकडे बघत, न अडखळता, वाचत राहायचा, आणि मला एकदाही शंका आली नाही. शेडचं तोंड न पाहिलेला गुप्तहेर, त्याला व्हॅक्यूमचा पाइप कसा माहीत? कुठल्या पुस्तकात गार्ड फडकं सोडतो? ती भाजी माझी होती हो. ह्यांच्या डब्यातली. गुप्तहेराला खाऊ घातली तरी मला कळलं नाही. एवढी मी मॅट्रिक.

आणि एक मोठा पराक्रम राहिला सांगायचा. त्या शेवटावर मी इतकी खूश झाले की लेखकाला चार पानी पत्र लिहिलं. “आपण किती थोर! एवढं साहस करून आलेला पुरुष बायकोजवळ चहा मागतो, हे आपल्यालाच सुचू जाणे.” असं बरंच. पाकीट बंद करून ह्यांच्याच हातात दिलं, पेटीत टाकायला. आणि शेजारणीसमोर, हे चपला घालत असताना, मी म्हणाले, “आमच्या ह्यांना नुसतं वाचता येतं. सुचत काही नाही.”

शेजारीण हसली. हेसुद्धा हसले. “व्हय,” म्हणाले, आणि पत्र घेऊन गेले.

उत्तर आलं नाही. मी सहा महिने लेखकाला गर्विष्ठ म्हणत होते. पत्र पेटीत पडलं का कुठं गेलं, ते आता मला कळायचं नाही. ह्यांची ट्रंक मी दोनदा उपसली. शेडचे पास, रेल्वेचा बिल्ला, लेकीची प्रगतिपुस्तकं. पत्र नाही. वाचलं असेल का त्यांनी? वाचलं असेल तर चारही पानं त्यांचीच होती. शिव्या खाल्ल्या तशी स्तुतीही खाली मान घालून पचवली असेल. पन्नास वर्षांत एकदा तरी म्हणायचं, अगं वेडे, ते माझं होतं. मी हसले असते. किंवा, खरं सांगायचं तर, तेव्हा मी विश्वासच ठेवला नसता, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असणार.

शिरूरला परत आल्यावर नातीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आजी, तिन्हींत आजोबांचा शेवट भारी आहे. मालिकावाल्यांना पुढची मालिका काढायचीय म्हणून त्यांनी त्याला जिवंत ठेवला. पुस्तकातल्याला लेखकानं मारला. आजोबांनी त्याला घरी आणला. तू लिहून काढ ना.”

तिनं वही दिली. मी लिहायला बसले. कपलिंग लिहिलं, ब्रेकव्हॅन लिहिली, भाकरी, भाजी, दार, चहा. पण तो घाबरट माणूस भरधाव गाडीत इंजिनापासून टपाटपानं मागं आला कसा? ते ह्यांनी सांगितलं होतं. बराच वेळ सांगितलं होतं. एका डब्यावर तो घसरतो, कशाला तरी धरतो. कशाला, ते आठवत नाही, कारण तेवढ्यात खाली भाजीवाली आली आणि मी खिडकीतून तिच्याशी गवारीवरून हुज्जत घालत होते. पाठीमागे हे वाचतच होते. “थांबा जरा,” एवढंसुद्धा मी म्हणाले नाही.

“तेवढं तू तुझ्या मनानं घाल,” नात म्हणते.

चार दिवस वही घेऊन बसते आहे. तो माणूस घसरलेला आहे, हात हवेत आहे. मला नुसतं वाचता येतं. सुचत काही नाही.