जागृतीबेनचं चुकलेलं उत्तर

जागृतीबेन गेल्या, हे त्यांच्या बहिणीने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी डहाणूच्या बाजारात मासळी निवडत होते. हातातली मासळी तशीच पाटीत ठेवून घरी आले. आजारी होत्या, कल्पना होती, तरीही... त्या दिवशी घरात चूल पेटवावीशी वाटली नाही.

तलासरीच्या शाळेत मी मराठी शिकवायचे आणि त्या विज्ञान. डहाणूहून एकाच एसटीने आम्ही वर्षानुवर्षं गेलो-आलो. त्यांच्या घरी गुजराती, खाण्यात कांदा-लसूणसुद्धा नाही. माझ्या डब्यात सुकट असली की त्या मुकाट्याने खिडकी उघडायच्या, पण माझ्या शेजारची जागा त्यांनी कधी सोडली नाही. मराठी अस्खलित बोलायच्या. फक्त काही शब्द गुजरातीतून तसेच यायचे. चुकीच्या उत्तराला त्या 'खोटं' म्हणायच्या, आणि मुलं बिचारी खजील व्हायची.

२०१५ सालची गोष्ट. नववीत वेवजीच्या एका पाड्यावरची सविता होती. तिचे वडील बोटीवर खलाशी. एकदा तिने वाळूत चपटं पडून राहणाऱ्या पाकट माशाबद्दल वर्गात विचारलं, "बेन, पाकटाचे डोळे पाठीवर आणि तोंड पोटाकडं. मग वाळूत लपलेली कोलंबी त्याला दिसते कशी?" बेननी सांगितलं, "वासाने." आणि धडा पुढे गेला. पण प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नाही. पुस्तकं उलटली, मुंबईच्या भाचीकडून माहिती मागवली, आणि एका सकाळी एसटीत बसल्या बसल्या मला म्हणाल्या, "मी तर पोरीला अर्धंच सांगितलं. म्हणजे खोटंच की!" तोवर सविताचं शाळेत येणं थांबलं होतं. आई सीमेपलीकडे गुजरातमधल्या कारखान्यात कामाला लागली होती आणि धाकट्या बहिणीला सांभाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

होळीला खलाशी घरी येतात. ती वेळ साधून बेननी वेवजीला जायचं ठरवलं, आणि जन्मात मासळीला हात न लावलेल्या या बाई माझ्याबरोबर बाजारात आल्या. "मुशीचं डोकं द्या," म्हणाल्या. मासेवाली त्यांना ओळखत होती. "बेन, तुमी मुशी खानार?" तिने डोळे मोठे केले. "खाणार नाही, शिकवणार," बेन म्हणाल्या. डोकं स्टीलच्या डब्यात घातलं, डबा मी धरला, आणि एसटीत त्या नाकाला पदर लावून माझ्या शेजारी बसल्या.

सविताच्या अंगणात तो डबा उघडला. मुशी म्हणजे लहान शार्क, पाकटाची जवळची नातलग. तिच्या नाकाडावर सुईने टोचावीत तशी बारीक भोकं होती. बेननी क्षणभर डोळे मिटले आणि बोटाने नाकाड दाबलं. भोकांतून काचेसारखा चिकट रस वर आला. "सविता, मी तुला अर्धं उत्तर दिलं होतं. वास येतोच, पण तेवढंच नाही. प्रत्येक जिवाच्या अंगात थोडी थोडी वीज असते. कोलंबीचं काळीज हललं, तिने श्वास घेतला, की ती वीज खाऱ्या पाण्यात पसरते. अगदी जवळ आलं की पाकटाला ती या भोकांतून कळते. डोळे लागतच नाहीत." सविताचे वडील वाकून बघत होते. "आयुष्य गेलं मुशी कापण्यात," ते म्हणाले, "ही भोकं कशाला हायेत ते कधी मनात आलं नाय."

सविता मात्र अजून त्या भोकांकडेच बघत होती. मग तिने विचारलं, "पण बेन, पाकट पण श्वास घेतं. त्याची स्वतःची वीज मध्ये येत नाही?"

बेन माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "हे मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "शोधते. पण उत्तर शाळेत मिळेल." वडील म्हणाले, "धाकटीला कोन बघनार?" बेन सविताला म्हणाल्या, "तिलाही घेऊन ये."

आणि ती आली. धाकटी शिक्षकखोलीत चटईवर झोपायची, रडली की मी उचलायचे. कुरकुर करणारे होते. बेननी ऐकून घेतलं आणि चटई मात्र रोज घातली. पाकटाचा मेंदू स्वतःच्या श्वासाची वीज ओळखून बाजूला काढतो, हे उत्तर सविताला परीक्षेच्या आधी मिळालं. आता ती डहाणूच्या कॉलेजात विज्ञान शिकते.

मागच्या महिन्यात बेनच्या बहिणीने मला आणि सविताला घरी बोलावलं आणि एक दोनशे पानी वही दिली. वर लिहिलं होतं, 'मारा खोटा जवाब'. माझी चुकलेली उत्तरं. आत मुलांची नावं, गावं, प्रश्न, दिलेलं उत्तर, खरं उत्तर. ज्याला खरं सांगून झालं त्याच्या नावापुढे खूण. किती वर्षं लिहीत होत्या, मला कधी बोलल्या नाहीत... सविताच्या नावापुढे खूण होती. तीन नावांपुढे नव्हती. त्यातलं एक कैनाडच्या महेशचं: 'मासे झोपतात का? मी नाही म्हटलं. पापण्या नसल्या तरी झोपतात.'

"मॅडम, आपण जाऊ या," सविता म्हणाली.

रविवारी गेलो. महेश आता बाप्या गडी झालाय. शेतात मिरचीला पाणी देत होता. सविताने त्याला उत्तर सांगितलं. तो आधी हसला, मग पाण्याचा पाइप खाली ठेवून म्हणाला, "बेनला माझा प्रश्न आठवत होता?"

सविताने वही त्याच्यापुढे धरली आणि पेन दिलं. हात पँटला पुसून त्याने स्वतःच्या नावापुढे स्वतःच खूण केली.